मागील भागावरून पुढे

मी रोजच्या मालिकांचं संकलन करते. संध्याकाळी सातनंतर घरोघरी जे लागतं, ते. या कामात सगळ्यात कमी कौतुक होतं ते ‘रिकॅप’चं, म्हणजे सुरुवातीच्या ‘मागील भागात आपण पाहिलंत’ या अर्ध्या मिनिटाचं. माझा जीव मात्र त्यातच रमतो. काल ज्यांच्याकडे पाहुणे होते, परवा ज्यांची लाइट गेली होती आणि ज्या काकू आज पहिल्यांदाच ही मालिका लावून बसल्या आहेत, त्या सगळ्यांना तेवढ्या वेळात गोष्टीत आणून बसवायचं असतं. कुणी कुणाला फसवलं आणि कागद कुणाच्या कपाटात आहेत, एवढं कळलं की पुरे. उरलेलं प्रेक्षक आपलं आपण जुळवून घेतो. तो किती जुळवून घेतो, हे या धंद्यात आल्याशिवाय कळत नाही.

म्हणून ‘फ्लॅश गॉर्डन’ची जुनी थिएटर-सीरियल्स पाहायला घेतली तेव्हा माझं लक्ष रॉकेटांपेक्षा प्रत्येक भागाच्या सुरुवातीकडे आणि शेवटाकडे जास्त गेलं. ‘स्टार वॉर्स’ या सीरियल्सवरून सुचला, हे सगळेच सांगतात. सांगताना बहुतेक जण वस्तूंची यादी करतात : किरणांच्या बंदुका, दुष्ट सम्राट, ढगांतलं शहर. यादी खरी आहे. पण माझ्या मते ‘स्टार वॉर्स’चा दिग्दर्शक जॉर्ज लुकसने सगळ्यात मोलाची गोष्ट उचलली ती रिकॅप. आणि त्याने तिचं जे केलं, ते त्याच्याआधी कुणी इतक्या धिटाईने केलं नव्हतं.

आधी ही सीरियल्स काय होती ते सांगते. १९३०च्या दशकात अमेरिकेत शनिवारी दुपारी पोरासोरांसाठी थिएटरात खेळ असायचा. त्यात मुख्य चित्रपटाबरोबर सीरियलचा वीसेक मिनिटांचा एक भाग दाखवत. पुढचा भाग पुढच्या शनिवारी. अशी ही गोष्ट बारा-पंधरा आठवडे चालायची. फ्लॅश गॉर्डन मूळचा वर्तमानपत्रातला. १९२९पासून ‘बक रॉजर्स’ ही अंतराळाची चित्रकथा जोरात चालली होती, तिला तोड म्हणून किंग फीचर्स सिंडिकेटने जानेवारी १९३४मध्ये अ‍ॅलेक्स रेमंडची ‘फ्लॅश गॉर्डन’ सुरू केली. आपल्याकडे ज्यांचं लहानपण इंद्रजाल कॉमिक्समध्ये गेलं, त्यांना तो वेताळ आणि मँड्रेकचा शेजारी म्हणून ठाऊक असेल. तिघंही किंग फीचर्सचेच. युनिव्हर्सल स्टुडिओने १९३६मध्ये तेरा भागांचं पहिलं सीरियल काढलं, १९३८मध्ये मंगळावरचं पंधरा भागांचं आणि १९४०मध्ये बारा भागांचं तिसरं. मधे १९३९मध्ये ‘बक रॉजर्स’ही झालं. या चारही सीरियल्सचा नायक एकच, बस्टर क्रॅब. हा गडी मूळचा जलतरणपटू. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्याने सेकंदाच्या एक दशांश फरकाने जिंकलं होतं. फ्लॅशसाठी त्याचे केस सोनेरी रंगवले, आणि तो नट म्हणून थोर नसला तरी पडद्यावर ज्या सहजतेने धावतो, उडी मारतो, पडतो, ते कुठल्याही अभिनयशाळेत शिकवून येत नाही.

१९३६च्या पहिल्या भागात काय काय होतं पाहा. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळायला निघालाय. जगभर घबराट. फ्लॅश आणि डेल आर्डन एकाच विमानात आहेत, वादळात विमान सोडून ते पॅराशूटने उतरतात ते थेट डॉक्टर झार्कोव्हच्या रॉकेटपाशी. तिघं मोंगोवर पोचतात. तिथे महाकाय सरडे एकमेकांशी झुंजताहेत (खरे सरडे, मोठे करून दाखवलेले). सम्राट मिंगचे सैनिक तिघांना पकडतात. मिंग डेलवर डोळा ठेवतो, फ्लॅशला आखाड्यात वानरमानवांपुढे सोडतो. मिंगची मुलगी ऑरा फ्लॅशवर भाळून आखाड्यात उतरते, पायाखालचा दरवाजा उघडतो आणि दोघं खोल विवरात कोसळतात. भाग संपला! एवढी गोष्ट आमच्याकडे तीन महिने पुरली असती. कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही. मोंगोवर इंग्रजी कशी बोलतात, श्वास कसा घेता येतो, असले प्रश्न विचारायला कुणाला फुरसत नाही.

घाईचं कारण पैसा. चित्रण काही आठवड्यांत उरकलेलं, आणि स्टुडिओच्या कोठारात जे पडलं होतं ते सगळं वापरलेलं. झार्कोव्हच्या प्रयोगशाळेत ठिणग्या सोडणारी यंत्रं केनेथ स्ट्रिकफॅडनची, जी १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये मृतदेहात जीव भरताना दिसली होती. देवळातली भव्य मूर्ती १९३२च्या ‘द ममी’ची. रॉकेटची मॉडेल्स तर दुसऱ्याच स्टुडिओच्या १९३०च्या ‘जस्ट इमॅजिन’ची. रॉकेट घूं घूं करत गोल फिरतं, शेपटातून ठिणग्या गळतात आणि धूर सरळ वर जातो, कारण स्टुडिओतल्या हवेत धूर वरच जाणार. १९४०च्या सीरियलमध्ये बर्फाळ प्रदेश हवा होता, तर ‘पित्स पालू’ या १९२९च्या जर्मन गिर्यारोहणपटातली खऱ्या हिमशिखरांची दृश्यं आणून मधे जोडली. संगीतही असंच, कधी जुन्या भयपटातलं, कधी फ्रान्झ लिस्टचं. गिर्यारोहकांचा खरा जीवघेणा चढ आणि सेटवरच्या कागदी बर्फात उभा असलेला बस्टर क्रॅब यांना कुणीतरी संकलनाच्या टेबलवर बसून सांधलंय. त्या अनाम हातांबद्दल मला फार आदर वाटतो. सांधा दिसतो, पण गोष्ट थांबत नाही.

आणि आता रिकॅप. आठवडाभराने परत आलेल्या पोराला मागचं आठवायला हवं, मागचा शनिवार चुकलेल्यालाही कळायला हवं. १९३८मध्ये यासाठी मागची गोष्ट चित्रकथेच्या चौकटींतून दाखवली. १९३९च्या ‘बक रॉजर्स’मध्ये आणि १९४०च्या ‘फ्लॅश गॉर्डन’मध्ये मजकूर खालून वर सरकत, लहान लहान होत, पडद्याच्या आत दूर निघून जातो. ओळखलंत ना?

लुकस कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावचा, जन्म १९४४चा. ही सीरियल्स थिएटरांतून उतरल्यावर पन्नाशीच्या दशकात टीव्हीवर लागत, ती पाहत तो वाढला. १९७१च्या ‘टीएचएक्स ११३८’ या त्याच्या पहिल्याच चित्रपटाची सुरुवात ‘बक रॉजर्स’च्या तुकड्याने होते. त्याला करायचा होता ‘फ्लॅश गॉर्डन’च. तो किंग फीचर्सकडे गेला, पण हक्क मिळाले नाहीत. मग त्याने स्वतःचं विश्व रचलं आणि २५ मे १९७७ला ‘स्टार वॉर्स’ लागला. पहिल्याच मिनिटाला तोच सरकत जाणारा मजकूर. यादवी चालू आहे, बंडखोरांनी पहिला विजय मिळवलाय, हेरांनी साम्राज्याच्या महाशस्त्राचे नकाशे पळवलेत, राजकन्या ते घेऊन घराकडे निघालीय.

ही सगळी मागच्या भागाची गोष्ट आहे, आणि मागचा भाग अस्तित्वातच नाही. सीरियलमध्ये रिकॅप ही सोय होती, विसरलेल्याला आठवण करून देणारी. लुकसने ती अशा प्रेक्षकापुढे ठेवली ज्याने काहीच पाहिलेलं नव्हतं, कारण पाहण्यासारखं काही नव्हतंच. परिणाम असा की थिएटरातल्या प्रत्येकाला वाटलं, ही गोष्ट आपण येण्याआधीपासून चालू आहे. कितीतरी लढाया होऊन गेल्यात, माणसं एकमेकांना जुनी ओळखतात, जहाजांवरचे पोचे आणि ओरखडे कुठल्यातरी जुन्या प्रसंगाचे आहेत. पुढे बोलता बोलता कुणी ‘क्लोन वॉर्स’चा उल्लेख करतो आणि पुढे जातो. मी दररोज खऱ्या रिकॅप कापते म्हणून सांगते, हे धाडस किती मोठं होतं याची मला नीट कल्पना आहे. अनोळखी प्रेक्षकाला मधूनच उचलून गोष्टीत टाकायचं म्हटलं की निर्मिती बघणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ‘लोकांना कळेल ना?’ हा प्रश्न दर आठवड्याला कानावर पडतो. लोकांना कळतं.

त्या मजकुराची एक हकीकत मला आवडते. लुकसने आधी लिहिलेला मजकूर लांबलचक होता. त्याच्या मित्रमंडळींना चित्रपट पूर्ण होण्याआधी दाखवला तेव्हा दिग्दर्शक ब्रायन डी पाल्माने त्यावर झोड उठवली, आणि मग त्यानेच लेखक जे कॉक्स याच्या मदतीने तो नव्याने लिहून दिला. तीन परिच्छेद, प्रत्येकात एकच बातमी. रिकॅप लिहिणाऱ्या कुणीही तो समोर ठेवून अभ्यास करावा असा आहे. पडद्यावर तो सरकवायला तेव्हा संगणक नव्हता. छापलेला मजकूर खाली पसरून त्यावरून कॅमेरा नेला होता.

आणखी एक गंमत. १९७७मध्ये लोकांनी पाहिलेल्या ‘स्टार वॉर्स’वर भागाचा आकडा नव्हता. १९८०मध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आला, मजकूर सरकायला लागला आणि वर लिहिलेलं : भाग पाच. एकच चित्रपट पाहिलेल्या माणसाला सांगितलं की तुमचे तीन भाग चुकलेत. पहिल्या चित्रपटाला ‘भाग चार’ हे लेबल १९८१मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना लागलं. आणि त्या पाचव्या भागाचा शेवट पाहा. नायक ल्यूकचा दोस्त हान सोलो याला गोठवून, उचलून नेलंय, ल्यूकचा हात गेलाय, खलनायकच आपला बाप आहे हा धक्का अजून पचलेला नाही, आणि दिवे लागले. विवरात कोसळणाऱ्या फ्लॅशसाठी पोरं आठवडाभर थांबायची, हान सोलोसाठी जग तीन वर्षं थांबलं.

शेवटांबद्दल मात्र जुन्या सीरियल्सकडून शिकताना जपून शिकावं. त्या काळच्या कितीतरी सीरियल्समध्ये नायकाची गाडी नायकासकट दरीत जाते आणि पुढच्या आठवड्यात कळतं की तो आधीच उडी मारून बाहेर पडला होता, आपल्याला तो शॉट दाखवला नव्हता एवढंच. ही लबाडी मला सहन होत नाही. आजही आमच्याकडे कुणी असा हुक, म्हणजे भागाच्या शेवटी प्रेक्षकाला अडकवून ठेवणारा प्रसंग, सुचवला की मी भांडते. ‘फ्लॅश गॉर्डन’चा पहिला शेवट त्या मानाने सच्चा आहे. दुसऱ्या भागात मिंगला दिसतं की फ्लॅशबरोबर आपली मुलगीही कोसळतेय, आणि तो जाळी पसरायचा हुकूम देतो. सुटका बाहेरून टपकत नाही, क्रूर बापाच्या मायेतून येते. १९८३च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात जबा या गुंडाच्या दरबारात ल्यूकच्या पायाखालची फळी सरकते तेव्हा हे विवर आठवल्याशिवाय राहत नाही. आणि शेवटी क्रूर बापाच्या मायेनेच सगळं सुटतं, हेही.

घाई हा दुसरा वारसा, आणि तो टेबलवर घडला. ‘स्टार वॉर्स’चं पहिलं संकलन जॉन जिम्पसनने केलं होतं, ते लुकसला ढिलं वाटलं आणि बाजूला ठेवलं गेलं. मग मार्शा लुकस, रिचर्ड च्यू आणि पॉल हर्श यांनी ते नव्याने उभारलं आणि त्या तिघांना संकलनाचं ऑस्कर मिळालं. एक दृश्य दुसऱ्याला पडद्यावरून पुसत नेतं ते ‘वाइप’ त्यात ठिकठिकाणी आहेत. सीरियल्समध्येही ते दिसतात. अर्थात लुकसचं जपानी दिग्दर्शक कुरोसावावर प्रेम होतं आणि कुरोसावाही वाइप मनसोक्त वापरायचा, तेव्हा हे श्रेय एकाला देता येत नाही. कुरोसावाच्या १९५८च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’मधले भांडकुदळ दोन शेतकरी पाहिले की ‘स्टार वॉर्स’मधले ते दोन यंत्रमानव कुठून आले ते कळतं. पण वाइप जे काम करतो ते सीरियलचंच आहे : इथलं झालं, चला तिकडे.

अंतराळातल्या विमानयुद्धाची दृश्यं तयार व्हायला वेळ होता, तेव्हा लुकसने दुसऱ्या महायुद्धावरच्या जुन्या चित्रपटांतली हवाई लढाईची दृश्यं कापून त्या जागी लावली. कुठलं विमान कुठून येतं, किती वेळ दिसतं, कधी वळतं हे त्यावरून ठरलं, आणि मॉडेलवाल्यांनी त्याबरहुकूम शॉट घेतले. पित्स पालूचे डोंगर दुसऱ्या गोष्टीत चिकटवणाऱ्यांचीच ही युक्ती. त्यांच्याकडे नवीन शॉट घ्यायला पैसे नव्हते म्हणून उसनं तसंच राहिलं, याच्याकडे होते म्हणून बदललं. पण ठोका उसन्याचाच राहिला.

ज्याच्याकडे हक्क होते, त्या दिनो दे लॉरेंतिसचा ‘फ्लॅश गॉर्डन’ १९८०मध्ये आला. माइक हॉजेसचं दिग्दर्शन, क्वीनचं संगीत, मिंगच्या भूमिकेत मॅक्स फॉन सिडो. लालसोनेरी पोशाख डोळे दिपवतात आणि ती गाणी मी अजून ऐकते. पण तो चित्रपट प्रेक्षकाकडे बघून डोळा मिचकावत राहतो, मूळ गोष्टीची गंमत करतो. बस्टर क्रॅबने कधी डोळा मिचकावला नाही. मेणबत्तीएवढी ठिणगी सोडणाऱ्या रॉकेटमध्ये बसून तो पृथ्वी वाचवायला निघालाय आणि त्याला ते शंभर टक्के खरं वाटतंय. मार्क हॅमिलच्या ल्यूकमध्ये हा भाबडा खरेपणा आहे. नाव, पोशाख, ग्रह सगळं एकाकडे गेलं, आणि जीव दुसऱ्याकडे.

सगळंच घेण्यासारखं नव्हतं. मिंग म्हणजे पौर्वात्य माणसाबद्दलची त्या काळच्या गोऱ्या समाजाची भीती, पिवळ्या धोक्याच्या कल्पनेतून कोरलेली. चार्ल्स मिडलटनने तो जबरदस्त वठवलाय, तरी आज पाहताना त्रास होतो. १९७७मध्ये त्या जागी चेहरा नसलेला मुखवटा आणि जर्मन सैन्याची आठवण देणारे गणवेश आले, हे चांगलंच झालं. डेल बिचारी बहुतेक वेळ किंचाळते किंवा बेशुद्ध पडते. पण ऑरा! प्रिसिला लॉसनची ऑरा बापाच्या तोंडावर बोलते, शस्त्र उचलते, कुणाला वाचवायचं ते स्वतः ठरवते. ‘स्टार वॉर्स’मधल्या राजकन्या लेयाची पूर्वज डेल असं सगळे लिहितात, कारण जिची सुटका करावी लागते ती डेल. मला ऑराच दिसते. सुटकेला आलेल्यांच्या हातातली बंदूक हिसकावून कचऱ्याच्या नळकांड्याला भोक पाडणारी लेया डेलच्या घराण्यातली कशी असेल?

ढगांतल्या शहराचं सांगायलाच हवं. १९३६च्या सीरियलमध्ये पंखवाल्या माणसांचा राजा वल्टन याचं शहर किरणांच्या आधारावर आकाशात तरंगतं, आणि ते किरण चालू ठेवायला तळघरात गुलाम उघड्या अंगाने रेडियम फावड्याने भट्टीत टाकताहेत. कोळसा टाकावा तसं. महामंदीतल्या अमेरिकेतले कारखाने ज्यांनी पाहिले होते त्यांना वर पंखवाल्यांची मेजवानी आणि खाली भट्टी याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधल्या ढगांतल्या शहरात, क्लाउड सिटीत, संध्याकाळचा गुलाबी उजेड अप्रतिम आहे. भट्टी मात्र गेली, आणि मला ती तिथे हवी होती.

सीरियलचे इतर धागेही पुढे गेले. १९८१चा ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ तर उघडच त्यांचा. रिपब्लिक स्टुडिओच्या १९४९च्या ‘किंग ऑफ द रॉकेट मेन’मध्ये पाठीवर रॉकेट बांधलेला माणूस उडतो, तो हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या भावांनी तारेवरून सोडलेला पुतळा. खऱ्या आकाशाखाली, खऱ्या उन्हात सोडलेला, म्हणून आजही पटतो. ‘द रॉकेटियर’ हा १९९१चा चित्रपट त्याच कुळातला, आणि त्याचा दिग्दर्शक जो जॉन्स्टन ‘स्टार वॉर्स’च्या दृश्यपरिणामांवर काम केलेला.

पाहायचं असेल तर सलग पाहू नका, थकाल. दिवसाला एक भाग, जेवणानंतर. १९३६चं पहिलं, त्यातले पाच ते आठ हे वल्टनच्या शहरातले भाग सगळ्यात भरीव. मग १९३८चं मंगळावरचं, त्यातली मातीची माणसं चुकवू नका. गुहेची भिंत दिसते, नुसता खडक. कॅमेरा हलत नाही. खडकाचा एक उंचवटा जरा गडद होतो, त्याला खांदा येतो, मग डोकं, आणि भिंतीतून माणूस सुटा होऊन चालायला लागतो. एक डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळवणं, बाकी काही नाही, आणि मी तो मागे नेऊन नेऊन पाहिला. १९४०चं शेवटी ठेवा आणि दर भागाचा मजकूर न टाळता वाचा. तो प्लेअरमध्ये पुढे ढकलायचा मोह होईल, कारण मागचा भाग आपण कालच पाहिलेला असतो आणि आपल्याला सगळं आठवत असतं. ढकलू नका.